‘बघू’ या शब्दाचा अर्थ

श्रोतेहो, नमस्कार. बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार, असे म्हटले की उन्मादातील धावपळ, रात्र रात्र जागरण आणि मागाहून येणारे नैराश्य आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज मी बोलणार आहे तो मधला, शांत काळ, ज्यात गोळ्या नियमित चालू असतात, झोप जागेवर आलेली असते आणि घरचे म्हणतात, ‘आता सगळं बरं आहे.’

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत; ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. दोन वर्षांत झटका आलेला नव्हता, रक्तातील लिथियम या औषधाची पातळी योग्य होती आणि आकडेमोड बिनचूक होती. तरीही मालक नाराज होते. थकबाकीचा तगादा लावल्यावर एका खरेदीदाराने मान वळवून ‘बघू की सोमवारी’ म्हटले, आणि यांनी वहीत सोमवारची वसुली मांडून टाकली. थोरल्या भावाच्या घरी रात्री वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘उद्या पहाटे पाण्याची पाळी आहे’. हे मात्र तासभर बोलत बसले. घरात याला आडमुठेपणा म्हणत.

चेहरा, आवाजाची धाटणी आणि अर्धवट वाक्य यांवरून समोरच्याच्या मनातले ओळखण्याला सामाजिक आकलन म्हणतात. आजार स्थिर असलेल्या व्यक्तींच्या अभ्यासांत हे आकलन सरासरीने काहीसे कमी आढळते. स्किझोफ्रेनिया या दुसऱ्या गंभीर मनोविकाराइतके नव्हे, आणि सर्वांमध्येही नव्हे. राग किंवा आनंद यांसारखी ठळक भावना ओळखण्यापेक्षा न बोललेला हेतू ताडणे अधिक अवघड जाते. त्यासाठी वापरली जाणारी, 2001 मध्ये सुधारलेली एक चाचणी प्रसिद्ध आहे: केवळ डोळ्यांची 36 छायाचित्रे, आणि प्रत्येकासाठी चार शब्दांतून एकाची निवड. आपल्याकडे मात्र निम्मे बोलणे आडवळणाने चालते, म्हणून वहिनींचे ते एक वाक्य मला त्या छायाचित्रांहून कठीण परीक्षा वाटते.

याची कारणे गुंतागुंतीची आहेत. लक्ष आणि स्मरण यांतील उणीव, मागे रेंगाळलेली सौम्य उदासी, अपुरी झोप, यांचा त्यात वाटा असू शकतो. यावरून माणूस कोरडा आहे असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण दुसऱ्याचे दुःख कळल्यावर डोळे भरून येणे वेगळे आणि ते न सांगता ओळखणे वेगळे. अशी अडचण जाणवली तर ती डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावी, परंतु मनाने गोळी कमी-जास्त करू नये.

त्या गृहस्थांच्या वहिनी आता सरळ सांगतात, ‘भाऊजी, आम्हाला झोपायचंय.’ तेही हसून उठतात. आणि यार्डात कोणी ‘बघू’ म्हणाले, की पेन उचलण्याआधी ते विचारतात, ‘तारीख पक्की धरू, की पुन्हा फोन करू?’