बूट चावतो म्हणजे नेमकं काय होतं

(उन्हाळ्यात हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांसाठी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या भाषेत बूट चावतो. चप्पलही चावते. शब्द झकास आहे, पण दोन वेगळ्या दुखण्यांना आपण तो एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथेच होतो. एक चावणं नव्या चामड्याच्या ताठरपणाचं असतं. ते चालून जातं. दुसरं मापाचं. ते कितीही चाललात तरी जात नाही, उलट चौथ्या दिवशी, बारा हजार फुटांवर, जास्त कडकडून चावतं. मेमध्ये निघायचं आणि एप्रिलच्या अखेरीस बूट घ्यायचे, वर दुकानदाराने म्हणायचं ‘वापरून होतील सैल’, हा प्रकार दर वर्षीचा आहे. सैल काय होतं आणि काय होत नाही, एवढं नीट समजलं तर आजचा तास सत्कारणी लागला.

आधीच सांगतो, सह्याद्रीत पावसाळ्यात जाड चामडी बूट घालून फिरा असं माझं म्हणणं नाही. ओढ्यात एकदा आतून भिजलेला असा बूट वाळायला दोन-तीन दिवस घेतो. तिथे हलका, पटकन वाळणारा बूटच बरा. चामडी बुटाचं काम वेगळं. पाठीवर बारा-पंधरा किलो, पायाखाली हिमनदीने आणून टाकलेले सुटे दगड, मध्येच बर्फाचा पट्टा, अशा ठिकाणी त्याचा ताठरपणाच आपल्याला हवा असतो. म्हणजे जे चावतं, त्याचेच आपण पैसे मोजलेले असतात.

चामडं म्हणजे काय ते बघू. जनावराच्या कातडीत कोलॅजनचे तंतू असतात. ते कापडासारखे उभे-आडवे विणलेले नसतात, लोकरीच्या नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. एका जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की त्या जागचे तंतू एकमेकांवरून सरकायला शिकतात, घडीची वाट पडते. दाब आला की रुंदीत थोडं ताणतं, चांगल्या बुटात फार तर तीन-चार मिलिमीटर. लांबीत मात्र काहीही वाढत नाही. कारण पुढे बोटांवर कडक टोपी असते, मागे टाचेला काउंटर नावाचा कडक कप असतो आणि खाली तळ ठरावीक लांबीचा असतो. ताणायला जागाच कुठे आहे? तेव्हा अंगठा पुढे टेकत असेल तर त्या बुटाला ‘सैल होईल’ हे वाक्य लागूच नाही.

आता माप. पायाचं माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असताना. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करायला सांगायचं. स्वतः वाकून खूण केली की भार हलतो आणि माप चुकतं. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा. उजवा २६२ मिलिमीटर आणि डावा २६६ निघणं अगदी नेहमीचं आहे. बूट डाव्याच्या मापाने घ्यायचा, उजव्यातली जागा जाड इनसोलने, म्हणजे आत घालायच्या सुट्या गादीने, भरता येते. उलटं करता येत नाही.

आपल्याकडचा नंबर इंग्रजी पद्धतीचा. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४६ मिलिमीटर, जुन्या हिशेबात जवाच्या एका दाण्याची लांबी. युरोपियन नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे ६.६७ मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, म्हणून एका कंपनीचा आठ दुसरीकडे ४२ असतो आणि तिसरीकडे साडेबेचाळीस. शिवाय हा नंबर मुळात पायाचा नसून फर्म्याचा, म्हणजे ज्या साच्यावर बूट बेतला त्याचा. इंग्रजी आठ नंबरचा फर्मा ११ इंच, साधारण २७९ मिलिमीटर. २६६ चा पाय, त्यात पुढे पंधरा मिलिमीटर मोकळीक धरली तर २८१. म्हणजे आठ किंचित कमी, साडेआठ बरोबर. हा हिशेब दुकानात सुरुवात करण्यापुरता. शेवटचा शब्द पायाचा.

पण लांबीवर थांबायचं नाही, कारण खरी चूक पुढेच होते. सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात पाय मोजायची जी धातूची पट्टी तयार केली, ती तीन मापं घेते: टाचेपासून बोटापर्यंत, रुंदी, आणि टाचेपासून अंगठ्यामागच्या सांध्यापर्यंत. हे तिसरं माप आपण कधीच घेत नाही. चालताना पाय चवड्यापाशी वाकतो आणि बूटही ठरावीक जागीच वाकतो. या दोन जागा एकमेकांवर आल्या पाहिजेत. सारख्या लांबीच्या दोन पायांत एकाची बोटं लांब असतील, दुसऱ्याची आखूड. एकच बूट दोघांना सारखा बसेल कसा?

आता आपल्या लोकांचं काय होतं बघा. चपलेत वाढलेला पाय पुढे ऐसपैस पसरलेला असतो, टाच त्या मानाने अरुंद. फर्मा अरुंद असला की करंगळी दाबली जाते. मग दुकानदार एक नंबर मोठा देतो, करंगळी सुटते, गिऱ्हाईक खूश. पण लांबी वाढली तशी बुटाची वाकायची रेषा पुढे सरकली. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर चामड्यावर जी आडवी घडी पडते, ती चवड्याच्या सांध्यासमोर न पडता बोटांच्या मधोमध पडते. दर पावलाला ती आतल्या बाजूने सुरीच्या पाठीसारखी बोटांवर दाबते. मागे टाचेपाशीही जागा झालेली असते, टाच वर-खाली होते. म्हणजे करंगळीचं दुखणं गेलं आणि त्याच्या बदल्यात दोन आली. रुंदीचा प्रश्न रुंद फर्म्याच्या बुटानेच सुटतो. काही कंपन्या एकाच नंबरात दोन रुंदी देतात. त्या शोधा, दुसऱ्या कंपनीचा बूट घालून बघा, पण नंबर वाढवू नका. तळावरचं व्हिब्रमचं पिवळं अष्टकोनी चिन्ह बघून भुलणारे खूप आहेत. मिलानचे गिर्यारोहक व्हिटाले ब्रामानी यांनी १९३५ साली एका चढाईत सहा साथीदार गमावले आणि त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ घडवला, इतिहास मोठाच आहे. पण ते चिन्ह पकडीबद्दल बोलतं. बूट तुमच्या पायाला बसेल का, याबद्दल चकार शब्द काढत नाही.

दुकानात जाताना ट्रेकमध्ये घालणार तेच मोजे घेऊन जा. लोकरीचे किंवा लोकर-नायलॉन मिश्र. सुती नकोत. आधी नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोपीला टेकू द्या आणि टाचेमागे तर्जनी घालून बघा. एक बोट जेमतेम गेलं पाहिजे. दोन जात असतील तर बूट मोठा. मग टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, नाडी बांधा आणि उतारावर उभे राहा. दुकानात उतार नसेल तर जिन्याच्या पायऱ्या उतरा, पाय जोरात पुढे हाणा. अंगठा टेकला तर बूट परत. चढाला अंगठा टेकत नाही. काळी पडलेली नखं सगळी उताराची कमाई असते.

टाच उचलली जाते या तक्रारीत दोन प्रकार आहेत. नवा तळ वाकत नाही, म्हणून पाऊल उचलताना टाच चार-पाच मिलिमीटर वर येते. तळ वाकायला लागला की हे आपोआप कमी होतं. पण सपाटीवर, नाडी घट्ट असताना सेंटिमीटरभर उचलली जात असेल, किंवा टाच आडवी हलत असेल, तर तो काउंटर तुमच्या टाचेसाठी नाही. काउंटर आवळत नसतो.

बूट घरी आला. पहिला आठवडा घरातच, रोज तास-दीड तास, स्वच्छ फरशीवर, म्हणजे बदलायची वेळ आली तर तळ कोरा राहतो. या आठवड्यातलं खरं काम चालण्याचं नाही, बांधण्याचं आहे. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी पातळ चामड्याने जोडलेली असते, पाणी-माती आत जाऊ नये म्हणून. नव्या बुटात हे जादा चामडं कुठे दुमडायचं ते अजून ठरलेलं नसतं. एका बाजूला दोन पदरी घडी आली आणि तशीच नाडी आवळली, की घोट्याच्या पुढे हाडावर वळ उठतो. तीच घडी रोज तिथेच पडली की आठवड्याने चामडं ती लक्षात ठेवतं. म्हणून नाडी पूर्ण सैल करून, जीभ वर ओढून मधोमध आणा. दोन्हीकडच्या घड्या बोटाने चाचपून सारख्या सपाट करा, मग बोटांकडून वर एकेक पेड आवळत या. पावलाच्या वळणापाशी नाडीचे दोन वेढे एकमेकांत घालून ओढा. या दुहेरी पिळाने खालचा ताण खालीच अडकतो, वरचा भाग हवा तसा सैल ठेवता येतो. पहिले चार दिवस वरचे दोन हूक मोकळेच ठेवा. पावलावर एखाद्या ठिकाणी टोचत असेल तर त्या जागी नाडी फुलीसारखी न घेता दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या, तेवढी खिडकी सुटते आणि दाब जातो.

दुसऱ्या आठवड्यात बाहेर, सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर. मग पर्वती. १०३ पायऱ्या, लांब, उतरत्या, दगडी. पाऊल प्रत्येक वेळी थोडं वेगळं पडतं, म्हणून त्या चांगल्या. पाठीवर पाच-सहा किलो घेऊन दोनदा चढा-उतरा. मग आतकरवाडीतून सिंहगड. बूट मऊ चामड्याचा असेल तर एकूण तीस-चाळीस किलोमीटरांत बसतो. जाड, अखंड चामड्याचा आणि कडक तळाचा असेल तर साठ-सत्तर धरा. निघण्याआधी सहा ते आठ आठवडे हवेत. नवे बूट घालून थेट कात्रज ते सिंहगड करू म्हणाल, तर रात्री अर्ध्या टेकड्या झाल्यावर बूट हातात येतात, आणि तिथून खाली उतरायला रिक्षा नसते.

मघाशी प्रश्न आला, खोबरेल लावलं तर? घरोघरी कोल्हापुरीला तेल लावतात, मग बुटाला का नको? कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं, वनस्पतीजन्य. तळापासून पट्ट्यापर्यंत सगळं चामडंच आणि शिवणही चामड्याच्या वादीची. तेल पिऊन ती मऊ पडते, पायाचा ठसा घेते. ट्रेकिंगचा बूट बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेला, आत फोम, कडक काउंटर आणि सगळीकडे डिंकाचे जोड. तेल जास्त मुरलं की चामडं लुळं पडतं, चिकटवलेला रबरी तळ सुटू शकतो आणि खोबरेलासारखं थंडीत गोठणारं तेल चामड्यावर पांढरट येतं. बुटाला मेणाचं क्रीम, तेही बोटभर, सांध्यांच्या घड्यांवर आणि शिवणीवर. महिन्यातून एकदा पुरे.

बूट पाण्यात भिजवून पायावरच वाळवायचा, हा जुना फौजी उपाय. साध्या, बिनअस्तराच्या बुटाला तो चालून गेला असेल, आजच्या थरांच्या बुटात डिंक आणि अस्तर दोन्ही जातात. हेअर ड्रायर नको, चुलीशेजारी तर मुळीच नको. ओलं चामडं तापलं की तंतू आखडतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. वनस्पतीजन्य चामड्यात हे ७०-८५ अंशांना घडतं. क्रोमचं चामडं जास्त सोसतं, पण डिंक सोसत नाही. भिजला तर इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा.

फोडाचं थोडक्यात. फोड वरच्या घासण्याने येतो असं वाटतं, पण कातडी बुटाला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे-मागे सरकतं. मधले थर फाटतात, तिथे पाणी भरतं. घामाने कातडी ओली झाली की चिकटणं वाढतं, म्हणून सुती मोजे वाईट. फोडाआधी जागा गरम लागते. तिथल्या तिथे बूट काढून कागदी सर्जिकल टेप सपाट लावायचा, सुरकुती न पाडता. पुढच्या थांब्यावर बघू म्हटलं की उशीर झालेला असतो. टेपची जागा रोज तीच येत असेल, हाडाच्या उंचवट्यावर, तर बूट फर्मा टाकून ताणणाऱ्या कारागिराकडे न्या. लाकडी फर्म्यावर नेमक्या त्या जागी गोळा बसवून रात्रभर ठेवला की एखाद-दुसरा मिलिमीटर सुटतो. करंगळीच्या आणि अंगठ्याच्या सांध्याला हा उपाय लागू पडतो, टोपीला आणि काउंटरला नाही.

आणि ज्यांच्या कपाटात पाच-सहा वर्षांपूर्वीचा, छान पायाला बसलेला बूट आहे, त्यांनी तो आज घरी गेल्यावर बाहेर काढा. वरचं चामडं ठणठणीत असेल, पण मधला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत, नुसता पडून राहिला तरी, आतून विरतो. मुंबई-कोकणात लवकरच. तळाच्या वरच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा, बूट हाताने वाकवा. भेग दिसली किंवा भुगा पडला तर नवा तळ बसवून घ्या, आणि नवा तळ पुन्हा ताठ असतो, तेव्हा पर्वतीपासून सुरुवात करा.