आधी ऊब, मग दाणा

[दृश्य: घणसोली गावठाण. संध्याकाळ, धो धो पाऊस. खिडकीत बुटाचा खोका, आत गुलाबी रंगवलेलं एक पिल्लू.]

जुलै महिना. तीन दिवस पाऊस उघडलेला नाही. घणसोली स्टेशनवरून घरी येताना रस्त्यात एकाच्या टोपलीत ही पिल्लं होती. हिरवी, पिवळी, गुलाबी. भाची हटून बसली आणि त्यातलं एक बुटाच्या खोक्यातून आमच्या घरी आलं.

ही रंगवलेली पिल्लं बहुतेक करून नर असतात. अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीत नराचा उपयोग नाही. तो अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा अंगही धरत नाही. म्हणून जन्मल्या जन्मल्या तो बाजारात येतो. अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते, ती जेमतेम दोन-तीन दिवस पुरते. टोपलीतून आपल्या घरी येईपर्यंत ती संपत आलेली असते. त्यात पावसाचा गारठा. मला या विक्रीचा मनापासून राग येतो. पण पिल्लू आता घरात होतं.

दुसऱ्या दिवशी ते पिसं फुलवून, डोळे मिटून उभं. आम्ही प्रेमाने दुधात भिजवलेला पाव ठेवला होता. ती चूक होती, पक्ष्यांना दूध पचत नाही. उचलून पाहिलं तर मागे विष्ठेचा सुकलेला गोळा, घट्ट. आतलं बाहेर यायला वाटच नाही. असं एक-दोन दिवस राहिलं तर पिल्लू मरू शकतं.

शेजारच्या आजींचं आयुष्य खुराड्याशेजारी गेलंय. त्यांनी पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावले आणि म्हणाल्या, "गार परलंय रं. पयली ऊब, मंग दाना."

[दृश्य: वाटीत कोमट पाणी. आजींचे हात, तळव्यात पिल्लू.]

कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण 41 अंश असतं. चार दिवसांच्या पिल्लाला मात्र स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. ते गारठलं की पचन मंदावतं, विष्ठा चिकट होते आणि तिथेच सुकते. म्हणजे पोटाचं दुखणं बऱ्याचदा गारठ्यातून सुरू होतं. अशा पिल्लाला भरवलेलं अन्न पुढे सरकत नाही, गळ्याखालच्या पिशवीत आंबत राहतं.

आजींनी कापूस कोमट पाण्यात भिजवून त्या गोळ्यावर धरला. बराच वेळ. ओढला नाही. ओढला तर पिसांसोबत कातडी निघते. आणखी एक गोष्ट त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. त्या जागेच्या खाली, पोटाच्या बाजूला, बारीक काळपट खपली दिसते, ती बेंबी. तिला घाण समजून कोणी उपटली तर आतडं बाहेर येऊ शकतं. गोळा मऊ होऊन आपोआप सुटला आणि मागोमाग पातळ हिरवट विष्ठा आली. पिल्लाने मान वर केली. मग जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पार कोरडं करून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवलं.

खोका मोठा घेतला. एका टोकाला तापणारा पिवळा बल्ब, दुसरं टोक मोकळं, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लूच खरं सांगतं. बल्बखाली चिकटून चिवचिवत असेल तर गारठलंय, पंख पसरून चोच उघडी असेल तर उकडतंय. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. आम्ही जुना टॉवेल घातला. रात्री लाईट गेली तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली.

पाय ऊबदार झाल्यावरच गुळाचं कोमट पाणी दिलं. तेही घशात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. चोचीच्या कडेला थेंब टेकवायचा, पिल्लू आपण होऊन गिळतं. दाणा सकाळी, पिल्लांचं स्टार्टर खाद्य.

घरगुती उपचार इथवरच. विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवणीची शंका घ्यायची. ती बहुधा तीन आठवड्यांनंतर दिसते आणि तिला डॉक्टरांचंच औषध लागतं. एकाच वेळी बरेच पक्षी दगावले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. 2022 च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरजवळ वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता. आणि पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, मुलांनी तर नक्कीच.

[दृश्य: सकाळ. टॉवेल अगदी जवळून.]

सकाळी टॉवेलवर हे होतं. करडी, घट्ट विष्ठा, टोकावर पांढरी टोपी. ती पांढरी टोपी म्हणजे पक्ष्याची लघवी, दोन्ही एकदमच येतात. भाचीने ती मला ओढत नेऊन दाखवली.

[दृश्य: तीन आठवड्यांनंतर. आजींच्या अंगणात डालग्याशेजारी तेच पिल्लू.]

गुलाबी लव झडतेय, खालून पांढरी पिसं येतायत. भाची रोज दिवेलागणीला त्याच्या छातीच्या उजव्या बाजूला बोट लावते. दाण्याची पिशवी भरलेली लागली की ते आजींच्या कोंबड्यांबरोबर आत जातं.