योनाच्या डोक्यावरची सावली

[दृश्य: पहाटेचा अंधार. वाचनपीठावर उघडं पुस्तक, समईच्या उजेडात ओळीवरून सरकणारं बोट.]

पाचव्या शतकाची सुरुवात. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं ओईया, म्हणजे आजच्या लिबियातलं त्रिपोली. चर्चमध्ये बायबलमधल्या योनाच्या पुस्तकाचं वाचन चाललंय. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. निनवे नगराबाहेर योना रणरणत्या उन्हात बसलाय, आणि त्याच्या डोक्यावर सावली यावी म्हणून देव एक रोप उगवतो.

बिशपने त्या दिवशी नवं भाषांतर वाचायला घेतलं होतं, जेरोम या ख्रिस्ती पंडिताने थेट हिब्रूवरून केलेलं लॅटिन भाषांतर. वाचता वाचता एका ठिकाणी शब्द वेगळा आला. पिढ्यान्‌पिढ्या जो शब्द कानावर पडत आला होता, तो तिथे नव्हता. सभा उसळली. ग्रीक लोक तर जास्तच. हे खोटं आहे, असा आरडाओरडा सुरू झाला. शेवटी बिशपला ज्यू लोकांकडे जाऊन विचारावं लागलं, तुमच्या हिब्रू पोथीत काय आहे? त्यांनीही कौल जुन्या शब्दाच्या बाजूने दिला. बिशपने मुकाट्याने दुरुस्ती केली. नाहीतर त्याच्यासमोर ऐकायला कोणी उरलं नसतं.

हा प्रसंग आपल्याला कळतो तो हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन याने ४०३ साली जेरोमला लिहिलेल्या पत्रातून. त्या पत्रात शब्द कोणता ते नाही. पण जेरोमने उत्तरात नेमका अंदाज बांधला: भोपळा!

जुन्या भाषांतरात योनावर सावली धरणारा भोपळ्याचा वेल होता. जेरोमने लिहिलं आयव्ही, म्हणजे भिंतीवर चढणारी एक वेगळीच वेल. मूळ हिब्रू शब्द आहे ‘किकायोन’. जेरोम सांगतो, हे झुडूप भराभर वाढतं, त्याची पानं द्राक्षाच्या पानांसारखी रुंद असतात आणि ते आधाराशिवाय आपल्या खोडावर उभं राहतं. मग आयव्ही का? कारण ‘किकायोन’ तसाच ठेवला तर कोणालाच कळणार नाही, आणि भोपळा लिहावा तर तो हिब्रूत नाही.

भाषांतर करणाऱ्याची ही कोंडी मला फार जवळची वाटते. अचूक शब्द वाचकाला परका, ओळखीचा शब्द मुळात नाही, आणि मधला मार्ग काढावा तर दोन्हीकडून बोलणी.

[दृश्य: छापखाना. जुळाऱ्याचे हात, शिशाचे खिळे, ओली शाई.]

आपल्या वाट्याला काय येणार हे जेरोम ओळखून होता. पोप दमासस याच्या सांगण्यावरून त्याने लॅटिन शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं, तपासून दिली, तेव्हाच प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलं होतं, की पुस्तक उघडताच सवयीपेक्षा वेगळं काही दिसलं की लोक मला खोटारडा आणि धर्मबुडवा म्हणतील. पुढे काय झालं? १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने अधिकृत ठरवलेला लॅटिन पाठ तो हाच, जेरोमच्या नावाशी जोडलेला.

इंग्रजीतही तेच. १६११ साली इंग्लंडच्या राजा जेम्सच्या आज्ञेने झालेली बायबलची आवृत्ती आली, तेव्हा ह्यू ब्रॉटन हा हिब्रूचा पंडित म्हणाला, हे भाषांतर गरीब मंडळ्यांवर लादलं जाण्यापेक्षा मला रानटी घोड्यांकडून फाडून टाका. अडीचशे वर्षांनी तीच आवृत्ती लोकांच्या काळजात जाऊन बसली होती.

मग आला मे १८८१. तिचा सुधारलेला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा भाग, बाहेर पडला. लोकांची उत्सुकता एवढी, की शिकागोतल्या एका वर्तमानपत्राने मजकुराचा मोठा भाग न्यूयॉर्कहून तारेने मागवला आणि २२ मेच्या रविवारच्या अंकात अख्खा नवा करार छापला.

लोकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडला. प्रभूची प्रार्थना. आणि तिचा शेवट गायब! ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत’ हे शब्द मजकुरातून उठून समासातल्या टिपेत गेले होते.

संपादकांचं कारण चोख होतं. सिनाय आणि व्हॅटिकन इथल्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ही ओळ नाही. उपासनेत म्हणता म्हणता ती पुढे मजकुरात आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण प्रार्थना कोणी वाचत नाही हो, प्रार्थना म्हणतात. आईच्या मांडीवर बसून शिकलेली, आजाऱ्याच्या उशाशी पुटपुटलेली ओळ. ती समासात कशी मावणार? अशा वाचकाला अडाणी म्हणणं सोपं आहे, आणि ते चूक आहे. त्याच्या कानात तो ग्रंथ जिवंत आहे म्हणून तर त्याला ठेच लागते.

[दृश्य: धातूची छोटी डबी. तिचं झाकण हळूच उघडतं. आत राख.]

३० सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत बायबलची आणखी एक सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. जुन्या करारातलं यशयाचं पुस्तक, सातवा अध्याय, चौदावं वचन. हिब्रू शब्द ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘कुमारी’ आहे, आणि मत्तयाने येशूच्या जन्माच्या कथेत तोच शब्द उचलला. नव्या आवृत्तीने यशयात ‘तरुण स्त्री’ छापलं, ‘कुमारी’ तळटिपेत दिलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाळकाने ते पान लोकांसमोर जाळलं. समितीचे प्रमुख लूथर वायगल यांना तर जाळलेल्या प्रतीची राख डबीत घालून पाठवण्यात आली. ती जपून ठेवली गेली. १५३६ साली विल्यम टिंडल या भाषांतरकाराचा गळा आवळून त्याचा देह जाळला होता. आता पुस्तकावर निभावलं, असं समितीतल्या एका अभ्यासकाने पुढे लिहिलं.

पान जाळणं मला मान्य नाही. पण त्या वाचकाला तळटीप ही अडगळ वाटत होती, आणि माझ्या मते नव्या आवृत्तीतली सर्वांत प्रामाणिक जागा तीच. तिथे संपादक कबूल करतात, की हस्तलिखितं इथे जुळत नाहीत, आम्ही हा पाठ घेतला, दुसरा हा.

[दृश्य: पानाचा तळ. बारीक अक्षरं. कॅमेरा हळूहळू जवळ.]

त्याच १९५२च्या आवृत्तीत योनाचा चौथा अध्याय काढा. १६११ च्या आवृत्तीत जेरोमची आयव्ही जाऊन भोपळा परत आला होता. इथे भोपळाही नाही, आयव्हीही नाही, नुसतं ‘रोप’ आहे. आणि पानाच्या तळाशी बारीक टिपेत लिहिलंय: हिब्रूत किकायोन, बहुधा एरंड.