पुन्हा दिवस राहिलेत, चालू का नको?

नमस्कार. सांगली-साताऱ्याकडच्या माझ्या बहिणींनो, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या सासूबाईंनो, तुम्हालाही. एकदा गर्भपात झाला आणि आता पुन्हा दिवस राहिलेत, अशा बाईशी मला आज चालण्याबद्दल बोलायचं आहे. तपासणीला आली की ती हळूच विचारते, "डॉक्टर, मागच्या वेळी मी गौरी-गणपतीत फार पळापळ केली, म्हणून गेलं का हो?"

नाही. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो बहुतेकदा गर्भ राहतानाच आलेला असतो. तुम्ही जिना चढलात, वाकलात, स्कूटीवरून विश्रामबागेत जाऊन आलात, यानं तो दोष येत नाही आणि घरी बसल्यानं जातही नाही. "सांगितलं होतं ना, जपून राहा म्हणून," असं घरात कुणी म्हणालं असेल, तर कृपा करून पुन्हा म्हणू नका. त्या एका वाक्यानं बाई कित्येक महिने आतून झुरते.

या वेळी मग घरचे म्हणतात, पडून राहा. पण नुसतं पडून राहिल्यानं गर्भपात टळतो, असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. गरोदरपणात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त असतो, तो खाटेवर पडून आणखी वाढतो. शिवाय दिवसभर छताकडे बघत राहिलं की मनात भीतीशिवाय दुसरं काही येत नाही.

चालायला लागण्याआधी एक मात्र करा. मागचं कितव्या महिन्यात आणि कसं झालं, ते डॉक्टरांना नीट सांगा. चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येता झालं असेल, तर गर्भपिशवीचं तोंड सैल असू शकतं. तिथे सल्ला वेगळा असतो, कधी टाका घालावा लागतो. आत्ता अंगावरून रक्त जात असेल किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तरी थांबा.

यातलं काही नसेल, तर सकाळच्या गारव्यात सांगलीच्या आमराई बागेत चला, गावाकडे सपाट रस्त्यानं चला. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे, मग हळूहळू अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालता चालता जावेशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य पुरं करताना धाप लागली, की वेग कमी करा. उलट्यांनी जीव नकोसा झाला असेल त्या दिवशी सुट्टी घ्या, त्यानं काही बिघडत नाही. साताऱ्याच्या मैत्रिणींनो, अजिंक्यतारा चढायची सवय नसेल, तर ती आत्ता लावून घेऊ नका. पाय घसरून पडण्याची भीती असते.

आणि आमच्या ऊसतोडीच्या बायका? उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं हा व्यायाम नव्हे. रोज तसं जड ओझं उचलणं, उन्हात तासन् तास वाकून राहणं या दिवसांत धोक्याचं आहे. तिला चालायला सांगायची गरज नाही, तिला बसू द्यायची गरज आहे. मुकादमांनी आणि नवऱ्यांनी हे ऐकावं. तिला हलकं काम द्या, सावली द्या, पाणी द्या.

चालताना रक्ताचा डाग दिसला, ओटीपोटात कळा आल्या, चक्कर आली, छातीत दुखलं किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. डाग दिसला म्हणजे सगळं संपलं, असं नाही. अशा कितीतरी जणींची बाळंतपणं पुढे सुखरूप होतात, पण तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला १०२ नंबरची गाडी मोफत येते, तातडीच्या वेळी १०८ लावा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. जाताना मागच्या वेळची सोनोग्राफी आणि सगळे कागद पिशवीत घालून न्या.