शीर्षकातला देश

संज्ञापनशास्त्राच्या, म्हणजे माणसामाणसांतल्या आणि माध्यमांतून होणाऱ्या संवादाच्या अभ्यासाच्या, कोणत्याही आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिकेचा एक अंक घ्यावा आणि त्यातल्या लेखांची केवळ शीर्षके वाचावीत, अशी माझी सुरुवातीलाच विनंती आहे. एखादे शीर्षक ‘किशोरवयीन मुले आणि समाजमाध्यमांवरील स्वप्रतिमा’ अशा धाटणीचे असते. ही मुले कुठली, हे शीर्षक सांगत नाही. लेखाच्या पद्धतीविषयक भागात शिरल्यावर कळते की ती अमेरिकेतली आहेत. त्याच अंकात दुसरा लेख जवळपास त्याच विषयावर असतो, पण त्याच्या शीर्षकाला ‘इथिओपियातील एक अभ्यास’ किंवा ‘पेरूमधील निरीक्षणे’ अशी शेपटी जोडलेली असते. पहिल्या लेखातली मुले ही सर्वसामान्य मुले ठरतात आणि दुसऱ्या लेखातली मुले एका देशाची. कोणी कटकारस्थान करून हे घडवलेले नाही. लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही खटकतच नाही. संज्ञापन संशोधनातील विविधतेविषयी बोलताना मी या न लिहिलेल्या देशापासूनच सुरुवात करणार आहे.

संख्या पाहायच्या तर शेजारच्या मानसशास्त्राकडे पाहावे लागते, कारण संज्ञापनशास्त्राने आपली अर्धीअधिक हत्यारे तिथून उसनी आणली आहेत. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या सहा प्रमुख पत्रिकांची छाननी केली, तेव्हा ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांतले ६८ टक्के लोक अमेरिकेतले होते आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले. अमेरिकेची लोकसंख्या जगाच्या पाच टक्क्यांहून कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दोन वर्षांनी जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही या पाच विशेषणांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘विअर्ड’, म्हणजे विचित्र, असा शब्द तयार केला. ज्यांना आपण नमुना मानतो तेच अनेक बाबतींत जगाच्या टोकाला बसलेले अपवाद आहेत, असा त्यांचा मुद्दा होता.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे देश वाढवावेत, नमुना रुंदावावा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. देश वाढले तरी प्रश्न तोच राहिला, तर त्या प्रश्नाची जन्मभूमी उत्तरांवर आपला शिक्का उमटवतच राहते. हे कसे घडते ते पाहायला एका जुन्या आणि गाजलेल्या अभ्यासाकडे वळावे लागेल.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅनिअल लर्नर यांचा मध्यपूर्वेतील आधुनिकीकरणावरचा ग्रंथ १९५८ मध्ये आला. तुर्कस्तान, लेबनॉन, इजिप्त, सीरिया, जॉर्डन आणि इराण या सहा देशांतील मुलाखतींवर तो उभा होता, आणि त्या मुलाखतींमागे अमेरिकेच्या परदेशी रेडिओसेवेचे श्रोते कोण आहेत हे जाणण्याचा हेतूही होता. ग्रंथाची सुरुवात अंकाराजवळच्या बालगात नावाच्या खेड्यातून होते. १९५० मध्ये तिथे एक शहरी मुलाखतकार गेला आणि त्याने गावकऱ्यांना विचारले, की तुम्हाला वृत्तपत्राचे संपादक केले तर ते कसे चालवाल, तुम्ही देशाचे अध्यक्ष झालात तर काय कराल? गावातल्या वाण्याने उत्साहाने उत्तरे दिली. त्याला मोठ्या शहरात मोठे दुकान हवे होते. एक मेंढपाळ मात्र हादरला. माझ्यासारख्या गरीब खेडुताला तुम्ही असे विचारताच कसे, अशा अर्थाचे काहीतरी तो अडखळत बोलला. स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पिण्याच्या क्षमतेला लर्नर समानुभूती म्हणत आणि ती आधुनिक माणसाची खूण मानत. प्रसारमाध्यमे ही क्षमता वाढवतात आणि ती वाढली की समाज आधुनिक होतो, अशी त्यांची मांडणी होती. त्या मापाने वाणी उद्याचा माणूस ठरला आणि मेंढपाळ कालचा.

आता याच प्रसंगाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. त्या वर्षीच्या मे महिन्यात तुर्कस्तानात प्रथमच मतपेटीतून सत्तांतर झाले. तोवर कित्येक वर्षे एकाच पक्षाचे राज्य होते. अशा काळात राजधानीतून आलेला, कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेला अनोळखी माणूस एखाद्या मेंढपाळाला विचारतो की तू अध्यक्ष झालास तर काय करशील. त्याचे गांगरणे हा कल्पनाशक्तीचा अभाव असेलही, पण तो सभ्यपणाही असू शकतो, सावधपणाही असू शकतो, आणि मोठ्यांच्या जागेवर बोलण्यातही बसू नये अशी रीतही असू शकते. कुणाचे मेंढरू आजारी पडले, शेजारणीचा मुलगा सैन्यात गेला, तर त्यांच्या जागी स्वतःला ठेवणे या मेंढपाळाला जमत होते की नाही, हे त्या प्रश्नावलीला कळण्याचा मार्गच नव्हता. तिथे समानुभूती म्हणजे वरच्या पायरीवर स्वतःला पाहणे एवढेच मोजले जात होते. सहा देशांतून माहिती गोळा झाली, आणि प्रश्न मात्र एकाच देशातून सगळीकडे गेला.

हे ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे खुपले, ते लॅटिन अमेरिकेतले अभ्यासक होते. ब्राझीलमधून परागंदा होऊन चिलीत आलेले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी तिथल्या कृषी कार्यकर्त्यांबरोबर काम करीत होते, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘विस्तार’ या शब्दालाच हरकत घेतली. मराठीत आपणही कृषी विस्तार, विस्तार अधिकारी असे शब्द सहज वापरतो, त्यामुळे त्यांचा मुद्दा समजायला आपल्याला भाषांतराची गरज पडू नये. विस्तार म्हणजे माझ्याजवळचे ज्ञान तुझ्यापर्यंत ताणणे. त्यात देणारा हलतो, घेणारा जागेवर बसतो, आणि घेणाऱ्याजवळ आधीपासून काही ज्ञान आहे ही शक्यता शब्दातूनच गळून पडते. फ्रेरी यांच्या मते हे संज्ञापन नव्हेच. बोलिव्हियाचे लुइस रामिरो बेल्ट्रान यांची कथा आणखी बोलकी आहे. त्यांनी डॉक्टरेट अमेरिकेतच, मिशिगनमध्ये घेतली. म्हणजे ज्या चौकटीवर पुढे टीका केली ती त्यांनी आतून शिकली होती. कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कुणाला आणि काय परिणाम होतो, हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेल यांचे १९४८ चे सूत्र प्रत्येक विद्यार्थी घोकतो. बेल्ट्रान म्हणाले, की हे सूत्र मन वळवू इच्छिणाऱ्याच्या खुर्चीवरून लिहिलेले आहे. ऐकणाऱ्याने परत बोलावे याची त्यात जागा नाही. त्यांनी प्रवेश, संवाद आणि सहभाग यांवर आधारलेले आडवे संज्ञापन मांडले. उभ्या उतरंडीला उत्तर म्हणून आडवे.

या विचारांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला विचारांइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोलंबियात काम करणारे हेसूस मार्तिन-बार्बेरो यांनी १९८७ मध्ये स्पॅनिशमधून असे मांडले, की अभ्यास माध्यमांपाशी थांबवू नये. लोक कौटुंबिक नाट्ये, बाजार, सण आणि आठवणी यांच्या मध्यस्थीने माध्यमांना जे रूप देतात, तिथे तो न्यावा. हा ग्रंथ इंग्रजीत यायला १९९३ उजाडले. आल्यावरही त्याचा उल्लेख बहुधा ‘लॅटिन अमेरिकी दृष्टिकोन’ म्हणून होतो. लासवेल यांच्या सूत्राला ‘उत्तर अमेरिकी दृष्टिकोन’ म्हटलेले मी अजून वाचलेले नाही. शीर्षकातल्या शेपटीचाच हा सिद्धांतातला अवतार.

राजकारणाच्या पातळीवर हा वाद युनेस्कोत गेला. शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८० मध्ये बातम्यांच्या एकतर्फी प्रवाहाविषयी अहवाल दिला. त्या वादाच्या तापात अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन १९८५ मध्ये युनेस्कोतून बाहेर पडले. बातम्यांच्या समतोल प्रवाहाच्या नावाने काही सरकारांना आपापली मुस्कटदाबी झाकायची होती, हा आक्षेपही निराधार नव्हता. तो इतिहास मोठा आहे. इथे एवढेच नोंदवतो, की प्रश्न कुणी विचारायचा ही बाब केवळ अभ्यासिकेतली कधीच नव्हती.

आता दुसऱ्या बाजूची अडचण. पाश्चात्त्य सिद्धांत पुरत नाहीत असे दिसले की आपल्या परंपरेतून एखादी संकल्पना शोधून तिला सिद्धांताचा पोशाख चढवण्याचा मोह होतो. गेल्या काही दशकांत भारत आणि नेपाळमधील अभ्यासकांनी संस्कृत काव्यशास्त्राच्या रसचर्चेतले साधारणीकरण संज्ञापनाचे प्रारूप म्हणून पुढे आणले आहे. काव्यमीमांसक भट्टनायकाची ही कल्पना खरोखर समृद्ध आहे. नटाचा शोक प्रेक्षकापर्यंत पोचतो तेव्हा तो ना नटाचा उरतो ना प्रेक्षकाचा खाजगी, ही जाण संदेशवहनाच्या कोणत्याही यांत्रिक आकृतीत सापडत नाही. परंतु तिथला श्रोता ‘सहृदय’ आहे, म्हणजे संस्काराने तयार झालेला, अधिकारी. हा अधिकार कुणाला मिळत होता आणि कुणाला दारातच अडवले जात होते, हे विचारल्याशिवाय ही संकल्पना आजच्या समाजावर पसरली, तर आपण एक न लिहिलेला देश काढून त्या जागी एक न लिहिलेली जात बसवतो. पूर्व आशियाई संज्ञापनाचे सार म्हणून सुसंवाद, म्हणजे सामंजस्य, सांगितला जातो, त्याचेही तेच. सुसंवाद हे मूल्य आहे. मतभेद दडपण्याचे ते निमित्तही होऊ शकते.

देश आणि संस्कृती हे दोन शब्द अदलाबदलीने वापरण्याची खोडही याच घरातली. गीर्त हॉफस्टेडे यांचे राष्ट्रीय संस्कृतींचे निर्देशांक आंतरसांस्कृतिक संज्ञापनाच्या वर्गात अजूनही पहिल्या आठवड्यात शिकवले जातात. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावलींवर ते आधारलेले आहेत. कंपनी एकच असल्याने इतर घटक स्थिर राहतात, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो बुद्धिमान होता. तरीही एका संगणक कंपनीत नोकरी करणारा माणूस आपल्या देशाच्या स्वभावाचा प्रतिनिधी कितपत असतो, हे मी श्रोत्यांवर सोपवतो.

एकाच देशात किती देश असतात, याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा तामार लीबेस आणि एलिहू कात्झ यांच्या कामात आहे. १९८० च्या दशकात ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका जगभर पाहिली जात होती आणि ती सर्वांच्या मनात एकच अमेरिका पेरते आहे, अशी भीती व्यक्त होत होती. या दोघांनी इस्रायलमध्ये अरब नागरिक, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियाहून नुकतेच आलेले स्थलांतरित आणि किबुत्झ या सामूहिक वसाहतींमधील रहिवासी असे गट घरी बसवून मालिका दाखवली आणि मग नुसते एवढेच म्हटले, की काय घडले ते सांगा. अरब आणि मोरोक्कन गटांनी गोष्ट क्रमाने, घराण्याची हकिकत सांगावी तशी सांगितली. रशियन गटाने गोष्ट बाजूला ठेवून यामागे निर्मात्यांना काय पटवायचे आहे याचा संशय घेतला. किबुत्झवासी आणि लॉस एंजेलिसमधील अमेरिकी प्रेक्षक पात्रांच्या स्वभावात रमले. जपानमध्ये तर ती मालिका चाललीच नाही. प्रश्न खुला ठेवला होता, म्हणून उत्तरांना आपापला आकार घेता आला. बालगातच्या प्रश्नावलीशेजारी हा अभ्यास ठेवून पाहावा.

खुला प्रश्न प्रत्येक वेळी परवडत नाही, हे मान्य. पन्नास देशांची तुलना करायची तर प्रश्नावली लागते आणि ती भाषांतरित करावी लागते. प्रचलित रीत अशी, की एकाने भाषांतर करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत आणायचे आणि दोन्ही ताडून पाहायची. या रीतीत शब्दांच्या चुका सापडतात. संकल्पना त्या भाषेत नांदते का, हे सापडत नाही. ‘तुमचा बातम्यांवर विश्वास आहे का’ हा साधा वाटणारा प्रश्न घ्या. मराठीत विश्वास आहे, भरवसा आहे, भिस्तही आहे. बातम्यांवर ज्याची भिस्त आहे, त्याचा त्यांवर विश्वास असेलच असे नाही. कदाचित त्याला दुसरा आधारच नसेल. प्रश्नावलीत यातला एकच शब्द बसतो आणि उरलेला फरक आकड्यांच्या तळाशी गाडला जातो. शिवाय पाच अंशांच्या मापपट्टीवर टोकाचे उत्तर देणे काही समाजांत उद्धटपणाचे वाटते, काहींत मधले उत्तर मिळमिळीत वाटते. हे न तपासता सरासऱ्या शेजारी मांडल्या, तर आपण विश्वासाची तुलना केली असे समजून प्रत्यक्षात उत्तर देण्याच्या रीतींची तुलना करून बसतो. मापे देशोदेशी समतुल्य आहेत का याच्या सांख्यिकी कसोट्या उपलब्ध आहेत. त्या लावल्या की कित्येकदा तुलनाच करता येत नाही असे दिसते, आणि ज्यात तुलना करता येत नाही असा लेख छापून आणणे कठीण असते.

वर्गीकरणांचीही अशीच गत होते. डॅनिअल हॅलिन आणि पाओलो मांचिनी यांनी २००४ मध्ये पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अठरा देशांच्या माध्यमव्यवस्थांची तीन प्रारूपे मांडली आणि ती इतरत्र जशीच्या तशी लावू नयेत असे स्वतःच बजावले. तरी जगभरच्या व्यवस्था त्या तीन खणांत कोंबल्या गेल्या. त्यातही भूमध्य सागराकाठच्या देशांसाठी केलेला खण असा झाला, की दुसरीकडे न बसणारे सगळे त्यात टाकावे. लेखकांनी पुढे इतर देशांच्या अभ्यासकांना एकत्र आणून दुसरा ग्रंथ केला, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

उरला प्रश्न दरवाजांचा. २०१८ मध्ये पॉला चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संज्ञापनाच्या पत्रिकांतील १९९० ते २०१६ या काळातील लेख आणि संदर्भ तपासून दाखवले, की गौरेतर अभ्यासक प्रकाशनात, उद्धृत होण्यात आणि संपादकपदांवरही कमी आहेत. उद्धृत होण्याची बाब किरकोळ नाही. कुणाला उद्धृत करायचे यावरून पुढच्या पिढीने कुठून सुरुवात करायची हे ठरते. जो लेख शीर्षकात देश घेऊन येतो, त्याला परीक्षक विचारतात, की हाच देश का, इतर वाचकांना त्याचे महत्त्व काय? प्रश्न रास्त आहे. तो सर्वांना विचारला जात नाही, एवढीच तक्रार.

म्हणून परीक्षणासाठी लेख आला की मी अलीकडे पहिली नोंद एकच करतो: शीर्षकात देशाचे नाव घाला, मग तो कोणताही असो. काही लेखक विनातक्रार घालतात. काहींचे उत्तर येते, की आमचे निष्कर्ष सार्वत्रिक स्वरूपाचे असल्याने त्याची आवश्यकता नाही, आणि मग मी नमुन्याचा तक्ता पुन्हा उघडतो.