पोस्टरवरची रिकामी जागा

नमस्कार मंडळी. आज वाशीच्या या हॉलमध्ये विषय जरा वेगळा आहे. म्युझिक फेस्टिवलला अचानक कोण येणार आणि कुठला फुटलेला बँड परत एकत्र येणार, याचे अंदाज. काहींना हा टाइमपास वाटेल, मला अजिबात वाटत नाही. सवाईला तानपुरे जुळत असताना शेजारचे काका हळूच म्हणतात ना, आज मारवा असणार बघ, आणि मग पहिला सूर लागेपर्यंत आपण दोघंही कान देऊन बसतो, तर तो अंदाज चुकला काय बरोबर आला काय, त्याने आपल्याला ऐकायला बसवलेलं असतं. फेस्टिवलचे अंदाज मी याच घराण्यातले मानते.

पोस्टर आलं की मी मोठी नावं नंतर वाचते, आधी रिकामी जागा शोधते. कुठल्या स्टेजवर, किती वाजता, किती मिनिटांचा स्लॉट उघडा ठेवलाय. तिथेच सगळं असतं.

आता यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये सॉमरसेटला पिल्टन म्हणून गाव आहे, तिथे मायकल ईव्हिस यांच्या वर्दी फार्मवर १९७० पासून ग्लॅस्टनबरी फेस्टिवल भरतो. मधे एखादं वर्ष जमिनीला विश्रांती म्हणून भरवत नाहीत, गाईंच्या चराईचं रान आहे ते. तर २०२५ चं वेळापत्रक आलं आणि त्यात शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला पिरॅमिड स्टेजवर, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या स्टेजवर, 'पॅचवर्क' असं नाव. असा बँड कोणी ऐकलेला नाही. आता तुम्हीच सांगा, अनोळखी पोरांना शनिवारची संध्याकाळ आणि सगळ्यात मोठं स्टेज कोण देईल? म्हणजे नाव खोटं, माणसं मोठी, इथपर्यंत कोणीही पोचतं. पुढचं काम खरं.

जे लोक हे मनापासून करतात त्यांनी काय बघितलं, तर पल्प हा शेफील्डचा बँड, त्यांचा २४ वर्षांनी नवा अल्बम आलाय, ६ जूनला, तोही ताजा ताजा. जूनमध्ये ते इंग्लंडमध्येच टूर करतायत आणि नेमका फेस्टिवलचा वीकेंड मोकळा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बरोबर तीस वर्षं होतायत. १९९५ ला याच फेस्टिवलला स्टोन रोझेस हेडलाइन करणार होते, त्यांचा गिटारिस्ट जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, कॉलरबोन मोडलं, आणि ऐनवेळी पल्पला बोलावलं. ती रात्र त्या बँडचं आयुष्य बदलणारी ठरली. आता अशी तिशी कोण साजरी करणार नाही? त्यांच्या कीबोर्ड वाजवणाऱ्या कँडिडा डॉयल यांनी तर आधी एका मुलाखतीत सांगून टाकलेलं की आम्हाला यायचं होतं पण फेस्टिवलवाल्यांना इंटरेस्ट दिसला नाही. तरीही लोक आपल्या अंदाजावरून हलले नाहीत, आणि मला ते फार आवडलं, कारण त्यांनी माणसांच्या बोलण्यापेक्षा कॅलेंडरवर विश्वास ठेवला. संध्याकाळी आधी रेनकोटसारखं काहीतरी घातलेली माणसं स्टेजवर येऊन उभी राहिली, गर्दीला क्षणभर कळेना काय चाललंय, आणि मग पल्पच. त्यांचा गायक जार्विस कॉकर याने स्टेजवरून पॅचवर्क बघायला आलेल्यांची माफीसुद्धा मागितली.

त्याच वर्षी शुक्रवारी लॉर्ड ही गायिका आली, वुडसीज नावाच्या स्टेजवर, आणि तिचा नवा अल्बम त्याच दिवशी रिलीज झालेला, तिने तो अख्खा वाजवला. २०२३ ला 'चर्नअप्स' या नावामागे फू फायटर्स निघाले, तेही शुक्रवारी संध्याकाळी, अल्बम त्याच जून महिन्यात आलेला, आणि त्यांचा ड्रमर टेलर हॉकिन्स गेल्यानंतर बँड नव्याने उभा राहत होता. म्हणजे बघा, ताजा अल्बम, जवळपासच टूर आणि नेमकी ती तारीख मोकळी, आणि त्या जागेशी काहीतरी जुनं नातं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मी पैज लावते. नुसतं 'येतील येतील' म्हणणाऱ्यांशी नाही लावत.

अजून एक धागा असतो तो करारातला. मोठे फेस्टिवल कलाकाराला सांगतात की आमच्या आधी-नंतर इतके दिवस, आमच्या आसपास इतक्या अंतरात दुसरा शो करायचा नाही, जाहीरही करायचा नाही. साहजिक आहे, तोच बँड पुढच्या आठवड्यात शेजारच्या शहरात मिळणार असेल तर फेस्टिवलचं तिकीट कोण काढेल. त्यामुळे एखादा बँड सगळ्या देशभर शो लावतोय आणि एकाच भागाचं नाव गाळतोय, तर ते गाळलेलं नाव नीट बघा.

आता दुसरा प्रश्न, रीयुनियनचा, म्हणजे फुटलेला बँड परत एकत्र येण्याचा. इथे मात्र मी हात जोडून सांगते, सरप्राइज आणि रीयुनियन एकाच फूटपट्टीने मोजू नका. सरप्राइज तारखांचा हिशोब आहे. रीयुनियन हा माणसांचा आणि पैशाचा, आणि माणसांचं गणित आपल्याला बाहेरून दिसत नाही.

ओएसिस या इंग्लंडच्या बँडचंच घ्या. २८ ऑगस्ट २००९, पॅरिसला रॉक आँ सेन फेस्टिवल, स्टेजवर जायच्या आधी बँडमधल्या नोएल आणि लिअम या दोघा भावांचं भांडण झालं, नोएल गॅलघर निघून गेला, बँड संपला. पुढची पंधरा वर्षं दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या फेस्टिवलचं नाव घेऊन लोक म्हणायचे की यंदा नक्की. मग २७ ऑगस्ट २०२४ ला खरंच जाहीर झालं आणि ४ जुलै २०२५ ला कार्डिफला पहिला शो झाला, पण फेस्टिवलला नाही! त्यांनी उलट स्पष्ट सांगून टाकलं की ग्लॅस्टनबरी नाही आणि दुसरा कुठला फेस्टिवलही नाही, बघायचं असेल तर आमच्याच टूरला या. का? कारण फेस्टिवल ठरलेली रक्कम देतो. जो बँड एकट्याच्या नावावर स्टेडियमच्या स्टेडियम भरतो, एकेका शहरात चार-पाच रात्री, त्याला स्वतःच्या तिकिटाचा वाटा सोडून दुसऱ्याच्या मैदानात यायची गरजच काय.

मग फेस्टिवलला कोण एकत्र येतं? तर ज्यांच्यावर जीव टाकणारे लोक भरपूर आहेत पण स्टेडियम भरेल की नाही याची खात्री नाही, असे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात इंडिओला कोचेला भरतो, त्याने हेच ओळखलं. २००४ ला पिक्सीज, २००७ ला रेज अगेन्स्ट द मशीन, २०१४ ला आउटकास्ट. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी कॅसेट-सीडी झिजवल्या ती पोरं आता कमावती झालेली, विमानाचं तिकीट काढून वाळवंटात यायला तयार.

आणि २०१६ चं गन्स अँड रोझेसचं एक बारीक निरीक्षण सांगते, मला फार मोलाचं वाटतं. ॲक्सल रोझ, स्लॅश आणि डफ मॅककेगन वर्षानुवर्षांनी एका स्टेजवर येणार होते कोचेलाला, पण त्याच्या आधी १ एप्रिलला ते लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर नावाच्या छोट्याशा क्लबमध्ये वाजवले. तारीख एप्रिल फूलची, त्यामुळे अर्ध्या लोकांना खरंच वाटेना. तर मोठ्या रीयुनियनच्या आधी छोट्या जागेत रंगीत तालीम होते, आपल्या नाटकवाल्यांसारखीच. त्या क्लबमध्ये ॲक्सलचा पाय मोडला आणि कोचेलाला तो एका सिंहासनावर बसून गायला, आणि ते सिंहासन कोणाचं, तर फू फायटर्सच्या डेव ग्रोलचं, त्याचाही पाय आदल्या वर्षी मोडलेला म्हणून बनवून घेतलेलं. तर मोठ्या मैदानाकडे बघत बसण्यापेक्षा छोट्या क्लबची पाटी वाचा.

आता आपल्या गावात येऊ. इथून नेरूळ दोन-तीन स्टेशनं. डी. वाय. पाटील स्टेडियमला २०१९ च्या १५ डिसेंबरला यूटू येऊन गेले, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले तीन रात्री वाजवून गेले. कोल्डप्लेच्या वेळी हार्बरच्या लोकलमध्ये जे अंदाज चालायचे ते ऐकण्यासारखे होते. डब्यात निम्मे लोक मनगटात रिस्टबँड-बिंड घालायच्या तयारीत, एक मुलगा ठामपणे सांगतोय रहमान येणार, दुसरी म्हणतेय काल नाही आला तर आज येणार, जुईनगरला चढलेल्या एका ताईंनी विचारलं कोण येणार आहे बाळा, तर अख्ख्या डब्याने एकदम उत्तर दिलं आणि प्रत्येकाचं नाव वेगळं. किती जीव होता त्या बडबडीत!

पण आपल्याकडे पिरॅमिड स्टेजवर झालं तसं पूर्ण तासाभराचं गुपित जमणं अवघड आहे, आणि याची कारणं साधी आहेत. परदेशी बँडचं सामान कस्टममधून येतं, त्याची कागदपत्रं आधी लागतात, व्हिसा लागतो, पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी लागते, त्यात कोण वाजवणार हे लिहावं लागतं. म्हणजे गुपित आधीच डझनभर टेबलांवरून फिरून येतं. वर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार सूट देतं तेवढे सोडून. त्यामुळे आपल्याकडचं सरप्राइज असतं ते एका गाण्याचं, पाहुण्याचं. गिटार तिथली, माइक तिथला, माणूस फक्त येतो. यूटूबरोबर ए. आर. रहमान असेच आले. २०२४ ला महालक्ष्मीच्या लोलापलूझा फेस्टिवलला जोनास ब्रदर्सनी आपल्याकडच्या किंग या गायकाला स्टेजवर आणलं, त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईतच एड शीरनबरोबर दिलजित दोसांझ आला आणि शीरन पंजाबीत गायला. म्हणून इथे अंदाज बांधायचा तर लंडन-न्यूयॉर्कच्या कॅलेंडरऐवजी हे बघा की गेल्या वर्षभरात या कलाकाराने कुठल्या भारतीय माणसाबरोबर रेकॉर्डिंग केलंय, आणि तो माणूस त्या दिवशी मुंबईत आहे का. दहाची वेळ धरून उलटं मोजा, पाहुणा साधारण शेवटच्या अर्ध्या तासाच्या आधी येतो, अगदी शेवटी नाही, कारण शेवटचं गाणं बँड स्वतःसाठी ठेवतो.

आणि आपली स्वतःची रीयुनियन? इथे मला खरंच मनापासून बोलायचंय. मुंबईत १९८४ ला रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला, १९९३ ला त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९९७ ला थांबले. २०१० ला परत आले आणि २०१२ ला नवा अल्बम काढला. मधल्या काळात काय झालं, तर उदय बेनेगल आणि महेश टिणाईकर हे दोघं व्हर्लिंग कलापाज नावाने एकत्र वाजवत होते. माझ्या मते रीयुनियनची यापेक्षा भरवशाची खूण नाही. बँडमधले निदान दोघं जण अजून एका खोलीत बसून वाजवतात का? वाजवत असतील तर आशा ठेवा, नुसता वाढदिवसाला एकमेकांचा फोटो टाकत असतील तर मनाला फार लावून घेऊ नका.

शक्तीचंही तसंच. गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिन आणि तबल्यावर झाकिरभाई, सत्तरच्या दशकातला बँड, थांबला, मग १९९७ ला रिमेंबर शक्ती म्हणून उभा राहिला, आणि परत २०२३ ला शक्ती नावानेच नवा अल्बम, २०२४ ला ग्रॅमी. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिरभाई गेले. ज्यांनी २०२३ च्या जानेवारीत भारतातल्या त्या टूरला 'पुढच्या वेळी जाऊ' म्हटलं त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. पल्पचा बेसिस्ट स्टीव मॅकीसुद्धा २०२३ ला गेला, ती तिशी त्याने बघितली नाही. त्यामुळे जुन्या बँडच्या माणसांना 'परत कधी एकत्र येताय' म्हणून छळण्यापेक्षा त्यांचं आत्ता जे काही चाललंय, कोणाचा सोलो शो आहे, कोणी क्लबमध्ये तिघांना घेऊन वाजवतंय, त्याचं तिकीट काढा. एकत्र यायचं बळ त्यातूनच येतं, आणि नाही आले तरी तुम्ही त्यांना ऐकलेलं असतं.

एक मागणी आहे माझी, इथे ठाणे आणि नवी मुंबईत कार्यक्रम भरवणारी बरीच मंडळी बसलीयत म्हणून करते. उपवनच्या तळ्यावर उत्सव होतात, राम मारुती रोडला दिवाळी पहाटेला पाय ठेवायला जागा नसते, वाशी-नेरूळच्या कॉलेजांचे फेस्ट आहेत. त्या प्रत्येक पत्रिकेत चाळीस मिनिटं रिकामी सोडा. संध्याकाळी साडेपाच-सहाची, जेव्हा ऊन उतरतं आणि लोक भरायला लागलेले असतात, मुख्य स्टेजवरची, कोपऱ्यातल्या नाही. आणि ती जागा आपल्याच भागातल्या एखाद्या थांबलेल्या बँडला द्या, ज्यातली पोरं आता बँकेत आणि आयटीत आहेत, ज्यांचे ॲम्प कोणाच्या तरी माळ्यावर पडलेत. त्यांना सहा महिने आधी विचारा, सरावाला एक खोली द्या, ॲम्प दुरुस्तीचा खर्च द्या, आणि नाव मात्र बाहेर फोडू नका. आम्हाला अंदाज बांधू दे.

चला, माझं झालं. आता माइक मागे द्या, त्या शेवटच्या रांगेतल्या निळ्या शर्टवाल्या दादांकडे, ते मघापासून हात वर करून बसलेत आणि मला वाटतं त्यांच्याकडे एक नाव आहे.