वाद्यांशिवायचा ऑर्केस्ट्रा: सुमात्रा, १९४३

नमस्कार. २७ डिसेंबर १९४३. सुमात्रा बेटावर पालेम्बांग इथे जपानी सैन्याने बायकांसाठी केलेली कैदी छावणी. सुमारे ३० जणी बसूनच गातायत, कारण उपाशी अंगाने फार वेळ उभं राहवत नाही. आणि त्या गातायत चेक संगीतकार ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीतला लार्गो, म्हणजे तिचा संथ भाग. अख्ख्या ऑर्केस्ट्राचं संगीत, नुसत्या गळ्यातून, एकही शब्द न उच्चारता.

हे घडवलं दोघींनी. मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरी. मूळ स्वरलिपी समोर नसताना त्यांनी रचना आठवून कागदावर उतरवल्या. नोरा चेंबर्स लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेल्या. त्यांनी मांडणीत साथ दिली, तालमी घेतल्या आणि संचालन केलं.

शब्द काढून टाकण्यात मोठी सोय होती. कैद्यांत डच होत्या, इंग्रज होत्या. गुणगुणायला भाषा आड येत नाही.

आता खरी कारागिरी बघा. चार आवाज: दोन सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), दोन आल्टो (बायकांचा खालचा आवाज). पुरुषांचा आवाज नाही, म्हणजे चेलो आणि डबल बास या खालच्या सुरांच्या तंतुवाद्यांची ओळ जागेवर गाताच येत नाही. ती एक सप्तक वर घ्यावी लागते. वर घेतली की ती मधल्या आवाजांवर आदळते. मग काही स्वर गाळायचे. कुठला स्वर गेला तरी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा मेळ, ओळखू येईल, हे कानाला कळावं लागतं, आणि तेही पियानो हाताशी नसताना! मला या सगळ्या कामात हा भाग सर्वांत थोर वाटतो.

शोपाँचा ‘रेनड्रॉप’ प्रिल्यूडही, म्हणजे पियानोसाठीची एक छोटी रचना, त्यांनी केला. त्यात एकच स्वर थेंबांसारखा सतत पडत राहतो. मिटल्या ओठांनी तो पुन्हा पुन्हा सुरू केला तर दर वेळी घशाला झटका बसतो. अशा जागी ‘लू’सारखं अक्षर घेतलं की आघात जिभेवर जातो आणि घसा सैल राहतो.

लांब स्वरांची अडचण वेगळी. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर भोक पडतं. म्हणून आळीपाळीने, स्वराच्या मधेच, शेजारणीचा आवाज चालू असताना श्वास घ्यायचा. त्यासाठी प्रत्येक ओळीत माणसं लागतात.

तीच कमी होत गेली. उपासमार, मलेरिया, आमांश. १९४५ पर्यंत निम्म्या गायिका गेल्या आणि मैफली थांबल्या. ड्रायबर्ग २१ एप्रिल १९४५ रोजी वारल्या. चेंबर्स वाचल्या.

छावणीत हाताने लिहिलेली स्वरलिपी आज स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे. यातलं काही बसवणार असाल, तर ओठ मिटा, पण दात सुटे ठेवा. जबडा आवळला की सूर दबतो आणि दोन-तीन ओळींत अख्खा कोरस पट्टीखाली उतरतो. लार्गोत हे फार पटकन होतं, म्हणून तालमीत दर आठ मात्रांना थांबून सूर तपासा.